एक वीत चार बोटं खोल पाईपलाईन

आदरणीय वैजिनाथ आप्पा यांना गेवराईकडून सलीम मोटारवाल्याचा सलाम आणि नमस्कार, दोन्ही (आधी कोणता, ते तुम्ही ठरवा).

गुडघा कसा आहे? अंबाजोगाईत एवढे डॉक्टर असताना तुम्ही घरीच मलम चोळत बसता, हे बरं नाही. आमची हजराबी तुमच्याकडच्या वहिनींची खैरियत विचारते. इकडे सगळं ठीक. फक्त तुमचा पुतण्या वीरेश सरपंचकीला पडला. त्याला उभा मीच केला होता, म्हणून खुलासाही मीच करतो.

शहादेव सरपंचानं नळाची पाईपलाईन कागदावर तीन फूट खोल टाकली. पंपाची जळालेली मोटार भरायला मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तसा सरकारी कागदही माझा मीच वाचायला शिकलो. माहिती अधिकारात नकाशा काढला आणि मतदानाच्या आठवड्यात गावासमोर खोदून दाखवायचं ठरवलं. माझा अंदाज असा, की माणसानं कितीही खाल्लं तरी दीड फूट तरी ठेवलंच असेल. त्या भरवशावर पहिलाच टिकाव जोरात घातला. पाईप निघाला एक वीत चार बोटांवर (नंतर स्टीलच्या पट्टीनं मोजलं, एक फूट भरलं; कापडी टेप ताणला जातो). निघाला म्हणजे फुटला. पुरावा असा उडाला की पुढचे सगळे भिजले, आणि गावाचं पाणी बंद. संध्याकाळी शहादेवचा टँकर हजर!

छबुबाई भर चौकात म्हणाली, "पाईप वर व्हता, पन पानी येत व्हतं ना रं? आता तुझ्या इमानदारीनं घागर भरू का?"

हे मी समजू शकतो. लागलं ते मुंजाजीचं. तो आपल्या बाजूचा, खड्ड्यात उतरून स्वतः वीत लावून बघितलेला. मतदानाच्या दिवशी बाजेवर पडून मला म्हणतो, "सलीमभाई, तुमचं खरं हाय. पन सगळेच खातेत. उद्या वीरेशबी खाईल. कशाला उनात रांग लावायची?"

अशा गल्ल्याच्या गल्ल्या घरी बसल्या. शहादेवची माणसं मात्र जीप भरभरून आली. आपला माणूस उघडा पडला म्हणून आणखीच इरेला पेटलेली. ज्यांनी मला खोटं मानलं त्यांनी मत दिलं. ज्यांनी खरं मानलं त्यांनी बोटाला शाई लागू दिली नाही. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवला, आप्पा, तिथंच वीरेश पडला.

आपला,
सलीम

ता.क. कामाचं राहिलंच. वीरेश माझ्याशी बोलत नाही. काल शहादेवच्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेला दिसला. तुम्ही फोन करा, तुमचं ऐकेल. एवढंच विचारा, की मुंजाजीचं बोलणं खरं करून दाखवायचं ठरवलंय का?

ता.क. २. हजराबीला पत्र वाचून दाखवलं. म्हणते, गल्लीचं लिहिलं तसं घरचंही लिहा. मत तिनंही दिलं नाही. टँकरच्या रांगेतून सुटली तेव्हा केंद्राचं दार लागलं होतं. मी चिडलो, तर म्हणाली, "शेवटची घागर आंगावर घेऊन मत द्यायला तुमीच गेलते. मंग पानी आनायला कोन जानार व्हतं?"