मार्शलची बदली

व्हिलरे, ३ मार्च

श्री. आन्सेल्म भावोजींस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. वाचून डोकं फिरलं, मग भांडी घासली, आता उत्तर लिहिते आहे.

दहा वर्षांपूर्वी तुमच्या भावाची तुकडी बंद झाली, तेव्हा विमानदलाने 'बंद' हा शब्द काही उच्चारू दिला नाही. तुकडी निजवली आहे, म्हणाले. निशाण गुंडाळून पेटीत गेलं आणि तुकडीचा पाळलेला हंस, मार्शल, 'चार-सहा महिन्यांसाठी' आमच्या गाडीत मागे बसला. पुढे तुमचे भाऊ गेले. हंस आहे! पोस्टमनला चावतो, कोबी फस्त करतो, अंगणभर घाण करतो. शेजारच्या बेर्तबाईंनी परवाच ऐकवलं, की एवढा मोठा पक्षी भट्टीतच शोभतो.

आणि आता तुकडी जागी होणार, म्हणून मार्शल परत हवा? तोही कशाला, तर बिनमाणसाच्या विमानांसाठी! वाचनालयातल्या पुस्तकात पाहिलं. पहिल्या महायुद्धात लाकूड-कापडाच्या विमानांवर आपला हाच उडता हंस रंगवलेला होता. तुमच्या भावाच्या मिराज विमानाच्या शेपटीवरही होता. पण त्या सगळ्यांत माणूस बसत असे. डोक्यावरून विमान गेलं की मार्शल आजही पंख पसरून फाटकापर्यंत धावतो, कोणी उतरतंय का बघतो. तिथे कोणासाठी धावायचं त्याने? देणार नाही. तसं कळवून टाका.

आहे तो लोभ राहू द्या, सल्ले तेवढे कमी करा.

क्लोतिल्द


सेंत-ओबाँ, ९ मार्च

ती. वहिनींस,
सा. न.

दर नाताळात मार्शलला भाजायची धमकी देणाऱ्या त्या तुम्हीच ना? कोणी मान देऊन मागितला, तर लगेच लाडका झाला!

नव्या तळावर जाऊन आलो. मेकॅनिक म्हणून माझी हयात गेली, पण तिथे हात काळे करायला काही नाही. बिनखिडकीची खोली, खुर्च्या आणि दूरवरची विमानं चालवायचे संगणकाचे पडदे. मी तोंड वाकडं केलं. तेव्हा त्यांची कमांडर, साबिन रोकफय, शांतपणे म्हणाली, की आमची माणसं सकाळी या खोलीतून युद्धावर जातात आणि संध्याकाळी मुलांना शाळेतून आणायला जातात. ती कुठे गेलीच नव्हती, असं सगळ्यांना वाटतं. त्यामुळे परत आल्यावर धावत येणारंही कोणी नाही. हंस आम्हाला शोभेला नको, याच्यासाठी हवाय.

दादाला यावर उत्तर सुचलं असतं. तुम्हाला सुचलं तर सांगा. शनिवारी गाडी घेऊन येतो. पिंजरा आणतो, हातमोजेही. तुम्हीही चला.

रागावलात तरी आशीर्वाद ठेवा.

आन्सेल्म


व्हिलरे, २० मार्च

श्री. भावोजींस,
स. न. वि. वि.

बोट कसं आहे? हातमोजे आणायचे आणि खिशात ठेवायचे, याला काय म्हणावं! तुम्ही दवाखान्यात पट्टी बांधत बसलात आणि मुख्य तेच हुकलं.

तळावर निशाण उलगडलं. कर्नलसाहेबांचं भाषण लांबतच गेलं. मार्शलने पँट धरली तेव्हा संपलं. खरं सांगते, त्याला घेऊन मी परत निघाले होते. तेवढ्यात त्या बिनखिडकीच्या खोलीचं दार उघडलं. ड्यूटी संपवून गणवेशातला एक मुलगा आणि एक मुलगी बाहेर आली, उन्हात डोळे बारीक करत. कोणाचं लक्षही गेलं नाही. मार्शलने आधी वर पाहिलं. आकाशात काहीच नव्हतं. मग पंख पसरून, ओरडत, त्यांच्याकडे झेपावला, तुमच्या भावाकडे धावायचा तसाच. मुलगी घाबरली नाही. मटकन खाली बसली, त्याच्या मानेला हात लावला आणि रडायला लागली.

दोरी माझ्याच हातात होती. मीच सोडली.

आता पोस्टमन बिनधास्त आत येतो आणि घटकाभर बसून डोकं खातो. कोबी एवढा माजलाय की वाटून संपत नाही. बेर्तबाईंना मार्शल चवीला कसा लागला ते ऐकायचंय.

काल डोक्यावरून एक विमान गेलं. हातातलं काम टाकून फाटकापर्यंत मीच जाऊन आले. या वयात हा नवा ताप लावून दिलात मला.

त्याला कोबी बारीक चिरून द्या म्हणावं. बोटाला जपा, आणि माझ्यावरचा लोभ तसाच असू द्या.

क्लोतिल्द