निरगुडीचं तेल आणि वरच्या मजल्याचा वास

१२ डिसें., शुक्र.
संध्याकाळी तेल कोमट करून बसले. आई आल्याच नाहीत. रोज याच वेळेला सासूबाईंचे गुडघे मी चोळते, थंडीत तर चुकतच नाही. वर जाऊन पाहिलं. धाकट्या जावेच्या, पल्लवीच्या, सोफ्यावर पाय लांब करून बसलेल्या. तिचं ते वाफ सोडणारं यंत्र चालू, खोलीभर लव्हेंडर.
"सुनंदे, बस नं. कसा मस्त वास येऊन राह्यला!"
नागपूरहून पिपरीत राहायला येऊन महिना नाही झाला हिला. सुगंधी अर्काच्या बोटाएवढ्या बाटल्या आणि केवढा तोरा! खाली आले तर तेल गार.

१४ डिसें.
ह्यांना सर्दी. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून दिली. हे म्हणतात, "वरून निलगिरीचे दोन थेंब आण नं रुमालावर."
पुरचुंडी ओट्यावर आपटली. गाठ सुटली. ओवा सगळीकडे. झाडला कोणी? मीच.

१७ डिसें., बुध.
आईंच्या गुडघ्यावर लालभडक चट्टा. प.ने बाटलीतला अर्क तसाच चोळला, साध्या तेलात मिसळलाच नाही. रडायला आली होती. "ताई, मले वाटलं जास्त लावलं तं लवकर आराम पडन."
मी गुडघा धुऊन खोबरेल लावलं. आई म्हणाल्या, "तुह्याच हाताले गुण आहे बाई."
वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० डिसें.
प. खाली आली. "ताई, तुमचं निरगुडीचं तेल शिकवा नं. आईले आता तेच लावीन."
म्हणजे बाटल्या गेल्या, आता माझं तेलच पाहिजे! नाही कसं म्हणू? अल्लीपूरहून माझ्या भावाने पाला पाठवला होता, तो कुटून रस काढून दाखवला. तिळाच्या तेलात मंद आचेवर ठेवायचा, हलवत राहायचं. सगळं सांगितलं.
"पण ताई, झालं हे समजाचं कसं?"
कापसाची वात त्यात भिजवून पेटवायची. तडतडली तर रसाचं पाणी अजून आत आहे, तेल टिकणार नाही. माझ्या आईने हेच आधी शिकवलं होतं मला.
वातीचं गाळून मी म्हटलं, "हिरवं दिसलं का उतरवजो."
का म्हटलं ते मला पक्कं माहीत आहे. मनात जळत होते.

२४ डिसें., बुध.
प.चं तेल झालं. थोडा उग्र वास यायला लागला म्हणून तिने लव्हेंडर टाकलं. मी मनात हसले.
आणि आई! "सुनंदे, राग नको मानू, पण तुह्या तेलाहून हे बरं वाटून राह्यलं."
तेल तेच, तेही अर्धवट.
समोरच्या काकूंनीही बाटली नेली. प. सगळ्यांना सांगते, "सुनंदाताईनं शिकवलं." हे तर जास्तच झोंबतं. तिने माझं नाव दाबलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

२७ डिसें., शनि.
प. माहेरी, सिंदीला. आईंनी मला हाक मारली. "चोळून दे. पण तिच्याच बाटलीतलं हं."
बूच काढलं. वरून लव्हेंडर, खाली कुजलेल्या पाल्याचा वास. तळाशी पाणी साचलेलं.
"थांबली काऊन?"
"थंडीनं घट्ट झालं जी. माझं आणते."
तिळाचं तेल पिपरीच्या थंडीत कुठलं घट्ट होतं! आईंनी पाय पुढे केला. माझं लावून घेतलं, मग म्हणाल्या, "याले वास नाई तसा."
तेवढ्यात प.चा फोन. "ताई, माह्या आईसाठी एक बाटली आणली मी. तिचेही गुडघे लय दुखतात. तुमचं नाव सांगितलं तं म्हणते, अशी जाऊ मले काऊन नाई भेटली."
मी पटकन म्हटलं,
"पल्लवी, ते लावू नको त्यायले."
"काऊन ताई?"
"उद्या ये, आधी खाली माझ्याकडे ये. मग सांगते."
"बरं जी," म्हणाली. फोन ठेवला.
उद्या काय सांगणार आहे कोण जाणे. शिव्या तरी देईल का मला? आणि एवढं होऊनही आईंना तिचंच तेल बरं वाटलं, हे अजून पचत नाही.