तापलेला स्लॅब

१७ एप्रिल

'स्लॅबखाली भाजून निघालेल्या आयाबहिणींनो!' — ग्रामसभेतल्या भाषणाची सुरुवात ठरली. सुचली कुठं? कोल्हापुरात, ऊर्जा साहाय्य केंद्रात ताटकळताना! सरकारी इमारतींची वीज वाचवायला, उष्णता कमी करायला हे नवं केंद्र. पडदे ओढलेले, भरदुपारी दिवे चालू, एसी असा की कारकून स्वेटरात.

साहेबांचं नाव यशराज. पोरगा गोड. 'पाहणी, आराखडा, निधी, ठेकेदार, देखरेख — सगळं आमच्याकडंच, ताई. तुम्हाला कुठं पळायला नको.'

खरंच नको. इथंच बसायचं.

आमच्या आरोग्य केंद्रातली बाळंतिणींची खोली दुपारी भट्टी होते. माझी भाची संयोगिता तिथं नर्स. बाळंतिणींना बाळांसकट चिंचेखाली नेऊन निजवते. पुढच्या महिन्यात कुतुबुद्दीन पेंटरची लेक सुहाना तिथंच बाळंत होणार.

२२ एप्रिल

आमच्या अर्जाला ऊर्जा केंद्राचं उत्तर आलं. 'पाहणी यथावकाश.' यथावकाश! बाळं मात्र वेळेवर येतात.

२५ एप्रिल

ग्रामसभा. आवाज छान लागला. शेवटी गरजले — 'सरकारला सवड नसेल, तर स्लॅब आम्ही रंगवू! पांढराशुभ्र! ऊन आल्या पावली परत जाईल!' टाळ्याच टाळ्या. तृप्त होऊन घरी आले.

२६ एप्रिल

सकाळी दारात गल्लीतला आकाराम. खांद्यावर शिडी. 'क्रांतीताई, चला की!'

'कुठं?'

'आता गं! काल तुमीच म्हणालासा न्हवं?'

मागं कुतुबुद्दीन रंगाच्या बादल्या घेऊन. त्याच्यामागं निम्मी गल्ली. अरे, तो भाषणाचा शेवट होता, कार्यक्रम नव्हता! पण हे सांगायचं कुठल्या तोंडानं?

आरोग्य केंद्राच्या स्लॅबवर चढले. वर उभी राहून दोन शब्द बोलावेत म्हटलं, तर खालून आकाराम — 'ताई, त्वांड र्‍हाऊ दे, ब्रश चालवा!'

आयुष्यात पहिल्यांदा श्रोत्यांनी मला मध्येच थांबवलं.

२७ एप्रिल

रंगाचा दुसरा हात झाला. खांदे गेले. घसा उत्तम.

१२ मे

पाहणी आली! यशराज स्वतः, यंत्रासकट. भरदुपारी खोलीत उभा राहिला. यंत्र बघितलं, हलवलं, परत बघितलं. चेहरा पडला. 'ताई, खोली पुरेशी तापत नाही. निकषात बसत नाही. अपात्र.'

संध्याकाळी त्याचा फोन. आवाज अगदी हळू. 'ताई, फेरपाहणीपुरता स्लॅब काळा करता येईल? मंजुरी मिळाली की आम्ही पांढरा करून देऊ.'

चेष्टा नव्हती. मनापासून मदत करत होता बिचारा!

मी चक्क गप्प बसले. त्यालाच काळजी वाटली — 'ताई, आहात ना?'

१४ मे

सुहानाला पहाटे मुलगी झाली. दुपारी बघायला गेले. चिंचेखाली कुणी नव्हतं. दोघी आत गाढ झोपलेल्या.

रविवारी शेजारच्या गावात माझी सभा. तिथलाही दवाखाना असाच तापणारा. लांबलचक भाषण तयार होतं, खोडलं. एकच वाक्य ठेवलं —

शिड्या घेऊन या.