बुधवार पेठेतली न दिलेली ऑर्डर

बिबवेवाडी,
शुक्रवार संध्याकाळ

प्रिय मैत्री,

तीन वर्षं आपण शेजारी बसून काम केलं आणि कर्वेनगरातल्या तुझ्या सोसायटीचं नाव मला आज शोधावं लागलं. चौकशी संपेपर्यंत तुझ्याशी फोनवर किंवा मेसेजवर बोलायचं नाही, असं रविराज सरांनी मला लेखी दिलं आहे. पत्राबद्दल त्यात काही नाही. त्यांना ते सुचलं नसावं.

तुला घरी बसवल्याला आज अकरा दिवस झाले. सोमवारी तुला पुन्हा बोलावणार आणि कामावर ठेवायचं की काढायचं ते त्याच दिवशी ठरणार, एवढं आम्हाला कळलं आहे. तुझ्या टेबलाला कुणी हात लावलेला नाही. नव्या फोनवरचं मराठी तपासायचं तुझं काम माझ्याकडे आलं आहे. काल 'बॅटरी संपत आली आहे' हे वाक्य पडद्यावर मावत नव्हतं, ते मी सात वेळा तोडून पाहिलं. फोनचं रूप कळू नये म्हणून तो अजून त्याच जाड काळ्या खोळीतून येतो, पण खोळ बदलताना आता दोन माणसं उभी राहतात. त्या दिवशी खोळ बदलली तेव्हा मागचा कॅमेरा फक्त तू आणि मी पाहिला होता. त्यामुळे संशय आपल्या दोघींवरच येणार होता.

संभाजीकाकांचा बुधवार पेठेच्या गल्लीतला फोनच्या कव्हरांचा धंदा कसा चालतो, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. फोन बाजारात येतो त्याच दिवशी त्याचं कव्हर दुकानात लागतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही. म्हणून कंपनीनं फोन दाखवायच्या महिनाभर आधीच, इंटरनेटवर फुटलेले फोटो बघून ऑर्डर द्यावी लागते. गेल्या वर्षी फुटलेला फोटो खोटा निघाला. कॅमेऱ्याचं भोक बोटभर बाजूला. काकांची तीन हजार कव्हरं तशीच राहिली, दुकानातला माणूस कमी करावा लागला, आणि साठीला आलेले काका पुन्हा स्वतः शटर उचलायला लागले. माझी कॉलेजची फी याच दुकानातून गेली आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि पोचले ती कव्हरांवर.

यंदा फोटो फुटला तो आपल्याच फोनचा, कॅमेरा कोपऱ्यात दाखवणारा. तो कोपऱ्यात नाही, हे आपण दोघींनी पाहिलं होतं. मागच्या महिन्यात एका रविवारी काका आमच्याकडे आले होते. ते दर वेळी मला गमतीनं विचारतात, काय गं, असाच आहे का? आणि मी दर वेळी सांगते, मला काय माहीत, मी नुसतं मराठी तपासते. त्या रविवारी मी म्हटलं, "काका, मला विचारू नका."

काकांनी चहा संपवला, फोन खिशात ठेवला आणि सोमवारी ऑर्डर दिली नाही. एवढ्यावर राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण गेल्या वर्षी सगळी गल्ली बुडाली होती. एकट्यानं वाचणं काकांना जमेना. त्यांनी शेजारच्या श्यामशेठना सांगितलं, या फोटोवर जाऊ नका. श्यामशेठनी पुढच्या दुकानात सांगितलं. आठवडाभर गल्लीतून एकही ऑर्डर गेली नाही, आणि फोनच्या बातम्या देणाऱ्या एकानं तेवढंच लिहिलं: पुण्यात या फोनची कव्हरं कुणी मागवत नाही, म्हणजे फोटो खोटा. खरा फोन काही वेगळाच आहे अशी हवा झाली. लोकांनी आपल्या कंपनीचा सध्याचा फोन घेणं थांबवलं आणि दुकानदार कंपनीच्या मागे लागले, जुना माल परत घ्या म्हणून. मग पुण्याच्या गल्लीला हे कुणी सांगितलं, याची चौकशी सुरू झाली.

काका आमच्याकडे आले त्याच्या आदल्याच दिवशी, शनिवारी, तू त्या गल्लीत स्क्रीनगार्ड घ्यायला गेली होतीस, आणि ते तू आपणहून सांगितलंस. कर्वेनगर सोडून एवढ्या लांब त्याच दुकानात का, असं विचारल्यावर म्हणालीस, तिथं स्वस्त मिळतं. दुकान कुणाचं? माहीत नाही. तुला तिथं मी पाठवलं होतं, माझं नाव सांग, कमी करतील म्हणून. रविराज सरांनी तुझं ते उत्तर मला जिन्यात सांगितलं, माणसं किती थापा मारतात त्याचा नमुना म्हणून. मी मान हलवली.

मी काही फोडलेलं नाही, असं मी इतके दिवस धरून बसले होते. करारात माहिती देऊ नये असं आहे. मी दिली नाही, उलट नकार दिला. पण काका पस्तीस वर्षं गिऱ्हाइकाचं तोंड बघून धंदा करत आहेत. त्यांना कळेल हे मला माहीत होतं. कळावं म्हणूनच मी तसं बोलले.

परवा दुकानात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मी येतो तुमच्या साहेबांकडे, सांगतो की पोरीनं तोंडसुद्धा उघडलं नाही. मी म्हटलं, तेच सांगायचं नाहीये. यावर काका बराच वेळ कव्हरं लावत राहिले. असलं शिकायला कॉलेजात घातलं नव्हतं, म्हणाले. मग म्हणाले, जा, सांगून ये.

आज दुपारी मी रविराज सरांना हे सगळं लिहून दिलं, दुकानाच्या पाटीवरच्या नावासकट. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सांगितलं की मैत्रीण वाचवायला लोक काहीही लिहून देतात. तुमचं लिहिणं आणि तिचं बोलणं जुळत नाही, जुळेपर्यंत मी तिलाच दोषी धरणार. म्हणून हे पत्र. पोस्टानं सोमवारच्या आत पोचणार नाही, तेव्हा उद्या बसनं येऊन तुमच्या वॉचमनकडे देईन; वर येणार नाही. तू माझ्यासाठी गप्प राहिलीस, आणि मी त्या गप्प राहण्यावर अकरा दिवस नोकरी केली. सोमवारी ते पुन्हा विचारतील, दुकान कुणाचं. तनुजाच्या काकांचं, असं सांग.

तुझीच,
तनुजा