पोटातल्या बाळाचा सीआरपी

१२ जाने.
चौतिसावा आठवडा. लॅबमधली गर्दी ओसरल्यावर गुपचूप स्वतःचंच रक्त काढलं. दोन दिवस कणकण आहे, शरीरातली सूज दाखवणारा सीआरपी बघायचा होता. ट्यूबवर माझं नाव दिसलं तर सीनिअर शबनम आपा ओरडणार, म्हणून सासूबाईंचं घातलं. ४२! एरवी दहाच्या आत हवा. गरोदरपणात थोडा वाढतो, पण एवढा? आत कुठेतरी सूज आहे. फक्त माझ्यात, की बाळातही? तेच डोक्यात.

१३ जाने.
फजिती. आपांनी रिपोर्ट पाहून थेट गावी, वडप्याला सासूबाईंना फोन लावला. "काकी, रक्तात सूज दाखवतेय, डॉक्टर को दिखाओ जल्दी." म्हातारी चक्रावली. "मी तं रक्त दिलंच न्हाय!" तडक निघून आली, मग दोघींनी मिळून माझी हजेरी घेतली. हसूही आलं, लाजही वाटली.
दोघींनी डॉक्टरबाईंकडे नेलं. अंगावरून पाणी जातंय का, त्यांनी विचारलं. चार दिवस ओलं वाटायचं, मी लघवीच समजले. लॅबवाली म्हणे! तपासलं, बाळाभोवतीचं पाणीच. लगेच अ‍ॅडमिट.

१४ जाने.
अँटिबायोटिक चालू. बाईंना विचारलं, माझा सीआरपी बाळात जातो का? "फारसा नाही. वार अडवते. इन्फेक्शन त्याच्यापर्यंत पोचलं तर त्याचं लिव्हर स्वतःच बनवतं." दोन किलोचा जीव, पण कारखाना स्वतंत्र! मग बघायचा कसा? जन्मल्यावर, नाळेच्या रक्तात. तोवर नुसते ठोके मोजायचे. रोज इतक्यांचं रक्त बघते, आणि हातभरावरच्या या एकाचं नाही दिसत.
सासूबाई पोटावर हात ठेवून बसल्यात. "हाय, हलतंय हाय." दर दहा मिनिटांनी.

१५ जाने.
माझा ६८. ताप. बाळाचे ठोके १७०, एकशे साठच्या वर. बाई म्हणाल्या, आता थांबायचं नाही, बाळ आत राहण्यात जास्त धोका. कळांची ड्रिप लावतायत.
आपा ड्युटी सोडून आल्यात. नाळेचं रक्त स्वतः नेणार, मशीन रिकामी ठेवून आल्यात. मी आठ महिने नुसते प्रश्न विचारतेय याच्याबद्दल. पण त्यांना सांगितलं, आकडा लगेच नको. आधी रडलं का, तेवढं सांगा.
"ते तुलाच ऐकू येईल ना, पगली."
खूप भीती वाटतेय. ड्रिप सुरू झाली.