प्रूफाच्या कोपऱ्यातली आद्याक्षरे

ता. ३ जून

तीर्थरूप ताईस,
सा. न. वि. वि. (गुडघे अलीकडे वाकत नाहीत, तेव्हा साष्टांगातली सहाच अंगे पोचतील. उरलेल्या दोघांना माफी असावी.)

पत्रास कारण की, आपल्या पाकिटाविषयी तक्रार आहे. आपण डिंक लावता की सिमेंट? ते उघडता उघडता आतल्या पत्राचाच एक कान कापला गेला. वडील बहिणीचे किती सहन करावे यालाही शास्त्राने मर्यादा घातली आहे.

अर्थात थोडा दोष माझ्या हाताचा. उजव्या हाताला कंप सुटला आहे. डॉक्टर कंपवात म्हणतात. दीड वर्ष झाले, रागावू नकोस. छापखान्यात प्रूफे तपासताना माझ्या खुणा शाईत पडलेली मुंगी चालावी तशा उमटू लागल्या, तेव्हा मी आणि माझे जोडीदार अण्णा यांनी गुपचूप कामे बदलली. मूळ प्रत मोठ्याने वाचण्याचे त्यांचे काम मी करतो, खुणा ते करतात.

गेल्या आठवड्यात व्यवस्थापकांना हे कळले. त्यांनी बोलावून चहा पाजला आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. प्रकृतीमुळे मी आपखुशीने नोकरी सोडतो, असा मजकूर. सावकाश वाचा म्हणाले. आता सत्तावीस वर्षे समोर येईल तो कागद तपासणाऱ्याने दुसरे काय करावे? तारीख चुकली होती, एक ओळ दोनदा पडली होती. दोन्ही दुरुस्त केले, रिवाजाप्रमाणे खालच्या कोपऱ्यात आद्याक्षरे घातली आणि कागद परत दिला. आता ते म्हणतात, तुमची सही झाली, महिनाअखेर शेवटचा दिवस. विनाशकाले विपरीतबुद्धिः हे पाठ होते. ती इतकी नीटनेटकी असते हे ठाऊक नव्हते.

लोभ असू द्यावा, डिंक कमी असावा.
आपला धाकटा


ता. ९ जून

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद, आणि त्याहून अनेक धपाटे.

दीड वर्ष! बायकोला गप्प बसवलेस, मला कळवले नाहीस, आणि वर डिंकाला नावे ठेवतोस.

मी कामगार कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर तीस वर्षे बसले. दहा माणसे यायची, त्यांतली नऊ कागदावर सही करून मग काय करू विचारायला यायची. माझाच भाऊ त्या रांगेत उभा राहील असे वाटले नव्हते. असो. आद्याक्षरे म्हणजे नुसते 'पाहिले', आणि छापायचे असेल तर 'छापावे' लिहून पूर्ण सही लागते, हे मागे तूच मला पाऊण तास समजावले होतेस. तेच त्यांना समजाव.

पण तोंडी नाही. लेखी दे की मी राजीनामा दिलेला नाही, मला हा आजार आहे, आणि दीड वर्ष मी वाचनाचे काम बिनतक्रार करतो आहे ते मला रीतसर द्यावे. डॉक्टरांचा दाखला जोड. तुझ्या प्रतीवर पोच घे, शिक्का मारून. एक दिवसही घरी बसू नकोस, नाहीतर त्यांच्या हाती आयते कोलीत. आजारी पडला म्हणून माणसाला उचलून बाहेर ठेवता येत नाही. झेपेल असे काम आहे का, ते आधी पाहावे लागते. हे मागताना उपकार मागितल्यासारखा चेहरा करू नकोस. तुला ती खोड आहे. आणि लपवाछपवी बंद. लपवलेला आजार कायद्यालाही दिसत नाही.

औषध वेळेवर घे.
तुझी ताई


ता. २६ जून

ती. ताईस,
सा. न. (आज आठही अंगांनी).

पत्र अण्णांनी लिहिले, सही मी केली. पूर्ण सहीला चार मिनिटे लागली. आवक कारकून शिक्का उगारून ताटकळत उभा होता. व्यवस्थापक म्हणाले, आद्याक्षरे म्हणजे सहीच. तेव्हा अण्णा उठले. हा माणूस जन्मभर दुसऱ्यांचेच लिहिलेले वाचत आला, स्वतःचे वाक्य कधी बोलला नाही. त्यांनी कपाट उघडून जुन्या पहिल्या प्रूफांचे गठ्ठे टेबलावर आदळले. प्रत्येक पान चुकांनी बुजबुजलेले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात माझी आद्याक्षरे. आणि विचारले की साहेब, ही सगळी छापायला पाठवू का, मंजुरी आहे ना यांची?

चार दिवस सामसूम होती. मग मालकांनी त्यांच्या वकिलाला विचारले म्हणे. काल तो कागद रद्द झाल्याचे पत्र मिळाले, सोबत नवा हुकूम: वाचनाचे काम माझे, पगार तोच. सहा महिन्यांनी पुन्हा पाहणार. बायकोने हुकूम देवासमोर ठेवला. तुझा फोटो शेजारी नव्हता म्हणून हळहळली.

लोभाची वाढ व्हावी ही विनंती.
आपला धाकटा

ता. क. ताई, एक राहिले. डॉक्टर म्हणतात, हा कंप काहींच्या आवाजातही उतरतो. दुपारनंतर माझा आवाज बारीक होत जातो. मंगळवारी मी वाचत असतानाच अण्णांनी आपली खुर्ची माझ्या अगदी जवळ ओढून घेतली. हे बायकोलाही सांगितलेले नाही. मला फार भीती वाटते.