पासवर्डवाले रुपरावजी

सोमवार, ६ जानेवारी
आज प्राचार्यांसमोर प्रेझेंटेशन दिलं. कॉलेजच्या नेटवर्कमधून पासवर्ड हद्दपार! बोट ठेवा, कॉम्प्युटर उघडा. बोट कोणी विसरत नाही, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवत नाही. प्राचार्य म्हणाले, "करून टाका, रुपरावजी." टाळ्या पडल्या नाहीत. मीटिंगमध्ये तशी पद्धत नसते.

नंतर दिवसभर केबिनसमोर रांग. रविवारच्या सुट्टीत निम्मा स्टाफ पासवर्ड विसरतो. अकाउंट्सच्या कौसल्या मॅडम तर दर सोमवारी. "विसरून गेली जी मी," म्हणतात आणि खुर्ची ओढून बसतात. रीसेट मिनिटाचं काम, पण मी सावकाश करतो. सिक्युरिटीत घाई चालत नाही. तेवढ्यात त्यांनी रामटेकच्या नणंदेचं पूर्ण भांडण सांगितलं. हा वेळखाऊपणा आता बंद. मी मोठ्या कामांना मोकळा.

संध्याकाळी बायकोचा, मैनाचा, फोन. नातू झाल्यापासून ती मुलीकडे, बंगळुरूला आहे. "त्या ॲपचा पासवर्ड काय होता जी?" सांगितला. मग नातवाला दात येऊन राहिले, हेही कळलं. घरातही आयटी विभाग मीच.

गुरुवार, ९ जानेवारी
सगळ्यांची बोटं नोंदवली. लोकांना बोट सरळ ठेवता येत नाही, हात धरून दाखवावं लागतं. एका दिवसात एवढे हात माझ्या हाती कधी आले नव्हते. लग्नातसुद्धा नाही. लायब्ररीच्या धोंडबांचा हात इतका गार होता की विचारलं, बरं नाही का? ते बसले, बराच वेळ बोलले. पत्नी गेल्यापासून चहा स्वतःच करतात म्हणे.

बॅकअप म्हणून चेहराही नोंदवून घ्यावा, ही सूचना माझीच. कोणी मागितली नव्हती.

सोमवार, १३ जानेवारी
सिस्टीम सुरू. एकही तक्रार नाही. ऐतिहासिक दिवस.

केबिनमध्ये जास्तीच्या दोन खुर्च्या मागवून ठेवल्या होत्या. लागल्या नाहीत. दुपारी एकदा बाहेरून दार तपासलं. उघडंच होतं.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. दरवर्षी टेबलावर तिळगुळाचा ढीग होतो, कारण येणारा पासवर्ड घेतो आणि वडी ठेवतो. यंदा स्टाफवर कामाचा ताण दिसतो. मीच नेटवर्कची पाहणी करायला सगळ्या खोल्या फिरलो. कौसल्या मॅडम म्हणाल्या, "अरे, तुमी सुट्टीवर नव्हते का?" चांगल्या यंत्रणेचं हेच लक्षण. माणूस दिसतच नाही.

शनिवार, १८ जानेवारी
मुलीला, भूमिकाला, फोनवर माझं यश सांगितलं. आईच्या मोबाईललाही बोट लावून दे, असा सल्ला दिला. तिने बोलता बोलताच करून दिलं. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

सोमवार, २० जानेवारी
सुरक्षा चाचणी. कौसल्या मॅडमच्या बोटाची नोंद सिस्टीममधून काढून टाकली. त्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर ती चाचणी कसली? दोन चहा मागवून ठेवले.

त्या आल्या नाहीत. शेवटी मीच गेलो. म्हणाल्या, "बोट नाही घेतलं, तर मंग त्यानं चेहराच ओळखला. भारी बनवलं जी तुमी." बॅकअप उत्तम चालतो, हे सिद्ध झालं. दोन्ही चहा मीच प्यालो. बोट परत नोंदवण्यासाठी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "काहून? चेहऱ्यानं होऊन राहिलं ना," म्हणाल्या.

शुक्रवार, २४ जानेवारी
मैनाचा आठवडाभर फोन नाही. बंगळुरूला नेटवर्कचा प्रॉब्लेम असणार. मोठ्या शहरांचं असंच.

मोकळ्या वेळेत करायची मोठी कामं अजून ठरलेली नाहीत. घाई करणार नाही.

रविवार, २ फेब्रुवारी
सकाळी मीच मैनाला फोन लावला. तिने पहिल्या रिंगलाच उचलला. "काय झालं जी? तब्येत बरी आहे ना? काही काम होतं का?"

म्हटलं, नाही, लाईन तपासतोय. नेटवर्क येतं का तिकडे?

"येऊन राहिलं बरोबर," ती म्हणाली. मागे नातू काहीतरी आपटत होता.

"पासवर्डच लागत नाही आता," ती म्हणाली, "तर तुमाले फोन कोन्त्या कामासाठी करू, हेच समजत नव्हतं मले. कामाशिवाय बी करत जा जी."

हो म्हटलं. उद्याच करतो म्हटलं.

उद्या काय बोलायचं ते आत्ताच ठरवून ठेवावं म्हणून बसलो. दुपार गेली. नळाला पाणी सकाळी लवकर येतं, एवढंच सुचलं. ते तिला माहीत आहे.